बर्फ वितळताना ओरडणारे बेडूक: पहिली हाक कशी ऐकायची आणि ती तेव्हाच का येते

बेडूक म्हटलं की आपल्या डोक्यात आधी पाऊस येतो आणि मग डराव डराव. त्यामुळे कोणी सांगितलं की बर्फ अजून कोपऱ्याकोपऱ्यात साचलेला आहे, झाडांवर एक पान नाही, बोलताना तोंडातून वाफ निघतेय आणि अशा वेळी डबक्यात बेडूक गळा काढून ओरडतायत, तर पहिल्यांदा ते थापच वाटतं. पण अमेरिकेच्या पूर्व भागात आणि कॅनडात दरवर्षी हेच होतं. उत्तरेकडच्या भागात साधारण मार्च-एप्रिलमध्ये, दक्षिणेकडे त्याच्या बरंच आधी. आणि लोक त्याची वाट बघतात, म्हणजे खरोखर रात्री खिडकी थोडी उघडी ठेवून वाट बघतात. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यासमोर मार्थाज व्हिन्यर्ड नावाचं बेट आहे, तिथे या बेडकाला लाडाने पिंकलटिंक म्हणतात आणि या वर्षीचा पहिला पिंकलटिंक कोणी, कुठे ऐकला याची तिथल्या पेपरात बातमी येते. मेपलच्या झाडाचा रस काढून आटवणारे लोक हंगामातल्या शेवटच्या रसाला 'फ्रॉग रन' म्हणतात, कारण बेडूक ओरडायला लागले म्हणजे रात्री गोठवणारी थंडी संपत आली आणि रसाचे दिवसही संपले, असा त्यांचा हिशोब.

हा सगळा गोंधळ घालणारा प्राणी केवढा असतो? अंगठ्याच्या एका पेराएवढा. अडीच सेंटीमीटरच्या आसपास लांबी, वजन तीन ते पाच ग्रॅम, रंग वाळक्या पानासारखा आणि पाठीवर फुलीसारखी खूण. त्या फुलीवरूनच त्याचं शास्त्रीय नाव स्यूडॅक्रिस क्रुसिफर पडलं, क्रुसिफर म्हणजे क्रूस वाहणारा. बोलीतलं नाव स्प्रिंग पीपर, कारण तो 'पीप, पीप' करतो. डराव वगैरे काही नाही, थेट शिट्टी, पिसाटलेल्या कोंबडीच्या पिल्लासारखी. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पक्षीच समजून झाडांवर टॉर्च मारत बसलो होतो, दहा मिनिटं.

आणि इथेच एक मजेदार गोष्ट आहे. पीपर ऐकू फार सहज येतो पण सापडत अजिबात नाही. आवाज समोरून येतोय असं वाटून चार पावलं टाकली की तो डावीकडून येतो, मग मागून. याला कारण बेडूक नाही, आपले कान आहेत. पीपरची शिट्टी साधारण ३००० हर्ट्झची असते, म्हणजे सेकंदाला तीन हजार कंपनं. माणसाचा कान २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तल्लख असतो, त्यामुळे एवढासा आवाजही लांबून लगेच पकडला जातो. पण आवाज कुठून आला हे मेंदू दोन वेगवेगळ्या युक्त्या वापरून ठरवतो. जाड, खालच्या पट्टीचा आवाज असेल तर तो एका कानाला आधी आणि दुसऱ्याला किंचित उशिरा पोचतो, त्या फरकावरून दिशा कळते. फार बारीक आवाज असेल तर डोकं मध्ये येतं, पलीकडच्या कानाला तो दबका ऐकू येतो, त्यावरून कळतं. ३००० हर्ट्झच्या जवळपास या दोन्ही युक्त्या अर्धवट चालतात, पहिली संपत आलेली आणि दुसरी अजून नीट सुरू न झालेली, आणि त्यातून आवाज एका सुरात, सरळसोट शिट्टीचा. झालं, मेंदू गोंधळतो. म्हणून पीपर शोधायला दोन माणसं लांब उभी राहून आपापल्या जागेवरून बोट दाखवतात, दोन रेषा जिथे छेदतात तिथे बघायचं. एकट्याने शोधायचा असेल तर डोकं हळूहळू दोन्ही बाजूला वळवत ऐकायचं, थोडाफार फायदा होतो.

आता एवढासा जीव इतका मोठा आवाज काढतो कसा? नर बेडूक तोंड आणि नाकपुड्या बंद करतो, छातीत हवा भरलेली असतेच, मग पोटाच्या बाजूचे स्नायू आवळून ती हवा स्वरयंत्रातून जोरात पुढे ढकलतो आणि ती हवा बाहेर न जाता गळ्याखालच्या पिशवीत जाते, पिशवी फुग्यासारखी फुगते. हवा परत फुप्फुसात, परत पिशवीत. श्वास सोडायचाच नाही, तीच हवा पुन्हा पुन्हा वापरायची. पिशवीचं काम दुहेरी आहे, एक तर पातळ ताणलेल्या त्वचेतून आवाज चांगला बाहेर फेकला जातो आणि दुसरं म्हणजे हवा वाया जात नाही. अर्ध्या मीटरवर या आवाजाची पातळी साधारण ९० डेसिबल भरते. तीन-चार ग्रॅमच्या देहातून. आणि असे शेकडो नर एका डबक्याभोवती बसलेले असले की जवळ उभं राहून शेजारच्या माणसाशी बोलता येत नाही, कान अक्षरशः झणझणतात.

हे फुकट होत नाही. हाक मारणं हे या बेडकाच्या आयुष्यातलं सगळ्यात मेहनतीचं काम आहे, उड्या मारण्यापेक्षाही. नर पीपरमध्ये हवा ढकलणारे हे बाजूचे स्नायू शरीराच्या वजनाच्या जवळजवळ १५ टक्के असतात, मादीत ते अगदी किरकोळ. आणि हे स्नायू चालतात मुख्यतः चरबीवर. म्हणजे गेल्या उन्हाळ्यात आणि शरदात किडे-कोळी खाऊन जी चरबी साठवली, तिच्यावर आता रात्रीत हजारो वेळा पीप करायचं, कारण मार्चच्या थंडीत खायला मिळतंय काय? एक प्रकारे आपण जे ऐकतो ते मागच्या वर्षीचे किडे आहेत.

एवढा खर्च मादीसाठी. ती शांतपणे ऐकत येते आणि प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलंय की जो नर जास्त भरभर आणि जास्त जोरात हाका मारतो त्याच्याकडे ती जाते, कारण भरभर हाक म्हणजे अंगात दम आहे याचा पुरावा, तो खोटा देता येत नाही. काही नर मात्र डोकं लावतात, ते ओरडतच नाहीत. एखाद्या जोरदार ओरडणाऱ्या नराच्या जवळ गुपचूप बसून राहतात आणि मादी आली की मधल्यामध्ये अडवतात. याला सॅटेलाइट नर म्हणतात. कॉलेजमध्ये असे मित्र सगळ्यांनाच होते.

मग प्रश्न पडतो की इतक्या गोंगाटात मादीला आपलाच नर ऐकू कसा येतो, त्याच डबक्यात दुसऱ्या जातींचे बेडूकही बोंबलत असतात. उत्तराचा एक भाग कानाच्या आत आहे. बेडकाच्या आतल्या कानात आवाज पकडणारे दोन वेगळे भाग असतात, एक खालच्या पट्टीसाठी, एक वरच्या पट्टीसाठी, आणि ते बऱ्याचदा स्वतःच्या जातीच्या हाकेवरच ट्यून केलेले असतात, रेडिओ एका स्टेशनवर लावून ठेवावा तसे. बाकीचे आवाज त्याला ऐकू येत नाहीत असं नाही, पण फिके येतात. याहून भारी गोष्ट २०२१ मध्ये छापून आली. अमेरिकेतल्या हिरव्या झाडबेडकावर अभ्यास झाला आणि त्यात दिसलं की मादीची हवेने भरलेली फुप्फुसं थरथरून कानाच्या पडद्यावर नेमके ते सूर दाबतात जे दुसऱ्या जातींच्या हाकांचे असतात. म्हणजे आपण पैसे मोजून नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेतो, तिच्या छातीतच तो बसवलेला आहे. हा पीपर नव्हे, दुसरी जात, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

पीपरच्या सोबतीला, कधी त्याच्याही दोन-चार दिवस आधी, अजून एक बेडूक सुरू होतो आणि माझ्या मते खरा हिरो तो आहे, वुड फ्रॉग. डोळ्यांवर चोरासारखा काळा पट्टा, बाकी तपकिरी. त्याची हाक म्हणजे बदकांचा घोळका कुजबुजतोय असा क्वॅक-क्वॅक आवाज, आणि तो फार लांब जात नाही. जंगलातून चालताना 'इथे बदकं कुठून आली' असं वाटलं की समजायचं. हा दिवसाही ओरडतो, पाण्यावर तरंगत.

हा हिवाळा कसा काढतो ते ऐका. बरेच बेडूक तळ्याच्या तळाशी जाऊन बसतात, तिथे पाणी गोठत नाही. वुड फ्रॉग जंगलात पानांच्या थराखाली, जमिनीच्या वरच्या वर बसतो आणि चक्क गोठतो. शरीरातल्या पाण्याचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग बर्फ होतो. श्वास बंद. हृदय बंद. हातात घेतला तर दगड. आणि वसंतात वितळतो, आतून बाहेर अशा क्रमाने, हृदय परत ठोके द्यायला लागतं आणि एखाद्या दिवसात साहेब चालायला लागतात. युक्ती साखरेची आहे. अंगावर बर्फ धरायला सुरुवात झाली की यकृत साठवलेल्या ग्लायकोजेनचं धडाधड ग्लुकोज करून रक्तात सोडतं, आपल्यासारख्याला कोमात घालेल इतकं. ही साखर पेशींच्या आतलं पाणी धरून ठेवते, त्यामुळे बर्फ होतो तो पेशींच्या बाहेरच्या जागेत, पेशी फाटत नाहीत. ऑटावाच्या कार्लटन विद्यापीठातल्या केनेथ स्टोरींनी यावर अनेक वर्षं काम केलंय. २०१४ मध्ये अलास्कातल्या वुड फ्रॉगवरचा अभ्यास आला, त्यात हे बेडूक सात महिन्यांपर्यंत गोठलेले राहून आणि उणे १८ अंश सेल्सियसपर्यंतची थंडी सोसून जिवंत निघाले. पीपरही थोडंफार गोठून जगू शकतो, पण इतकं नाही.

म्हणजे ज्या बेडकाचं हृदय काही दिवसांपूर्वी बंद होतं तो आता डबक्यात तरंगत बायको शोधतोय. एवढी घाई कशाला, जरा ऊन पडू दे की, असं आपल्याला वाटतं.

घाईचं कारण डबकं. हे बेडूक शक्यतो ज्या पाण्यात अंडी घालतात ती तात्पुरती डबकी असतात, व्हर्नल पूल म्हणतात त्यांना. बर्फ वितळून आणि वसंतातल्या पावसाने भरतात, उन्हाळ्यात आटतात. आटतात म्हणून तिथे मासे टिकत नाहीत, आणि मासे नाहीत म्हणून अंडी आणि पिल्लं वाचतात. पण त्याची किंमत अशी की घड्याळ चालू आहे. अंड्यातून शेपटीवाली पिल्लं, त्यांना पाय फुटणार, शेपूट गळणार, याला दोन-अडीच महिने लागतात आणि तोवर पाणी टिकायला हवं. उशीर केला तर पिल्लं चिखलात वाळून मरणार. लवकर केलं आणि परत कडाक्याची थंडी आली तर वरच्या थरातली अंडी गोठून जाणार. या दोन मरणांच्या मधली जी चिंचोळी वाट आहे तिच्यात हाका मारायच्या. वुड फ्रॉगच्या माद्या तर सगळ्या मिळून एकाच जागी अंड्यांचे गोळे चिकटवतात, एकेका गोळ्यात शेकडो अंडी, आणि मोठ्या ढिगाच्या आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा किंचित उबदार राहतं, थंडीत गर्दीत शिरून उभं राहावं तसं.

म्हणूनच पहिली हाक कॅलेंडर बघून सांगता येत नाही. दिवस मोठा होतोय याचा अंदाज शरीराला असतोच, तो तयारी करून ठेवतो, पण प्रत्यक्ष ट्रिगर म्हणजे जमीन वितळणं, थोडी ऊब आणि ओल. रात्रीचं टेंपरेचर साधारण पाच-सहा अंशांच्या वर आणि सोबत पाऊस, अशी हंगामातली पहिली रात्र आली की जंगलातून डबक्याकडे लोंढा निघतो, बेडूक आणि त्यांच्यासोबत सॅलमँडर, म्हणजे पालीसारखे दिसणारे बेडकांचे नातेवाईक. तिकडे या रात्रीला 'बिग नाइट' म्हणतात आणि काही ठिकाणी लोक रेनकोट घालून, टॉर्च घेऊन रस्त्यावर उभे राहतात, गाड्यांखाली येऊ नयेत म्हणून एकेक उचलून पलीकडे सोडतात. पुढे टेंपरेचर परत पडलं तर हाका मंदावतात, दोन पीपमधलं अंतर वाढतं, शून्याजवळ गेलं की पूर्ण गप्प. चार दिवसांनी परत सुरू. त्यामुळे एकदा ऐकून मग शांतता पसरली तर बेडूक मेले म्हणून हळहळू नका, गारठलेत इतकंच.

आता ऐकायचं कसं. जागा म्हणजे जंगलाच्या कडेचं साचलेलं पाणी, झाडोऱ्यातली दलदल, शेताच्या खोलगट भागातलं डबकं. मोठा स्वच्छ तलाव घेऊ नका, तिथे मासे असतात. वेळ सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने पुढे. वारा असेल तर घरी बसा, काही ऐकू येणार नाही. रिमझिम चालेल, धो धो नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिथे पोचल्या पोचल्या सगळं गप्प होईल. पावलांची थरथर त्यांना कळते आणि बेडकाला प्रत्येक पाऊल हे शिकाऱ्याचंच. त्यांची चूकही नाही, हाक ऐकून मादीच येते असं थोडीच आहे, पनामात तर एक वटवाघूळ आहे जे बेडकाच्या हाकेवरूनच त्याला शोधून खातं, १९८१ मध्ये मर्लिन टटल आणि मायकेल रायन यांनी ते दाखवून दिलं. तर पोचलात की टॉर्च बंद, तोंड बंद, हलायचं नाही. दोन-तीन मिनिटांत एक शहाणा लांबून पीप करतो, मग दुसरा उत्तर देतो आणि मग सगळं रान पेटतं.

अमेरिकेत फ्रॉगवॉच नावाचा सामान्य लोकांचा उपक्रम १९९८ पासून चालू आहे, त्याची पद्धत साधी आहे, दोन मिनिटं शांत उभं राहायचं आणि मग तीन मिनिटं फक्त ऐकायचं. बेडूक मोजायचे नाहीत, कारण मोजता येतच नाहीत. त्याऐवजी शून्य ते तीन असे आकडे द्यायचे. काहीच नाही तर शून्य. हाका सुट्या सुट्या, एकावर एक न पडणाऱ्या, एकेक नर बोटावर मोजता येतो, तर एक. हाका एकमेकांत घुसतायत पण अजून वेगवेगळे आवाज ओळखू येतात, तर दोन. आणि सलग, अखंड, एकच भिंत उभी राहिल्यासारखा आवाज असेल तर तीन. लोक शून्य लिहायचा कंटाळा करतात आणि ती मोठी चूक आहे. सात तारखेला शून्य, नऊला शून्य, अकराला एक, असं लिहिलं असेल तरच अकराला सुरुवात झाली असं म्हणता येतं. नुसतं 'अकराला ऐकलं' याचा अर्थ एवढाच की अकराला तुम्ही बाहेर पडलात.

या नोंदींचं पुढे काय होतं याचं माझं आवडतं उदाहरण न्यूयॉर्क राज्यातल्या इथाकाचं आहे. तिथे कॉर्नेल विद्यापीठात अल्बर्ट हेझन राइट नावाचे प्राणिशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९०० ते १९१२ या काळात कुठली जात कधी ओरडायला लागली याच्या तारखा चिकाटीने लिहून ठेवल्या. त्यांच्या डोक्यात हवामान बदल वगैरे काही असण्याचं कारण नव्हतं. जवळजवळ नव्वद वर्षांनी गिब्ज आणि ब्रायश या दोघांनी त्या तारखा १९९० ते १९९९ च्या नोंदींशेजारी ठेवल्या आणि २००१ मध्ये निष्कर्ष छापला: सहापैकी चार जाती, त्यात पीपर आणि वुड फ्रॉग दोन्ही, १० ते १३ दिवस आधी ओरडायला लागल्या होत्या, दोन जाती होत्या तिथेच होत्या आणि उशिराकडे एकही सरकली नव्हती. त्या भागातलं तापमानही त्या काळात वाढलेलं होतं. कुठलं महागडं यंत्र नाही, एका माणसाचे कान आणि एक वही.

ओळखताना सुरुवातीला घोळ होणारच. करकर आवाज, कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यासारखा, खालून वर चढत जाणारा, तो कोरस फ्रॉग, पीपरचाच चुलत भाऊ आणि तोही लवकर सुरू होतो. घोरल्यासारखं आणि मध्येच ओला फुगा चोळल्यासारखं येत असेल तर लेपर्ड फ्रॉग. लांबलचक एकसुरी घंटी अर्धा मिनिट चालली तर तो टोड, पण तो जरा उशिरा येतो. सैल झालेली तार छेडल्यासारखा 'टुंग' आला तर ग्रीन फ्रॉग, म्हणजे वसंत बराच पुढे गेला. पीपरसुद्धा नेहमी पीपच करतो असं नाही, दुसरा नर फार जवळ येऊन बसला की तो थरथरती, भांडखोर ट्रिल काढतो. फोनवर मिनिटभर रेकॉर्ड करून घरी शांतपणे ऐकलं तर जास्त कळतं, पण रेकॉर्डिंग तिथेच मोठ्याने वाजवून बेडकांना चिडवू नका, त्यांच्या चरबीचा हिशोब वर दिलाय. हाताने उचलणंही टाळा, आणि एका डबक्याचा चिखल लागलेले बूट तसेच दुसऱ्या डबक्यात नेऊ नका. बेडकांचे रोग असेच फिरतात.

एक गोष्ट घाईने सांगतो. पीपर महिनाभर, कधी दोन महिने चालू राहतो, त्यामुळे तो चुकला तरी परत सापडतो. वुड फ्रॉगचं तसं नाही. त्याचा सगळा कार्यक्रम आठवडा-दोन आठवड्यांत उरकतो, कधी त्याहूनही कमी. आज डबक्यात बदकांचा बाजार भरलेला असतो आणि पुढच्या शनिवारी जाऊ म्हणालात तर तिथे पाण्यात बुडालेल्या काटकीला चिकटलेले अंड्यांचे गोळे असतात, काळे ठिपके असलेल्या जेलीसारखे, आणि त्यांचे आईबाप पानांखाली परत गेलेले, पुढच्या मार्चपर्यंत एक शब्द न बोलता.